घेऊं कीं थांबूं

घरांतील संगणकासाठीं नवा प्रोसेसर घ्यावा कीं न घ्यावा, आणि घ्यावयाचाच झाला तर कोणता घेतला असतां पैशाचें चीज होईल, या प्रश्नाचा निकाल लावण्यास आम्हांला दोन वर्षें लागलीं. तेवढ्या अवधींत आमच्या ओळखीच्या दोन मुलींचीं लग्नें जमून झालीं, समोरची चाळ पाडून तेथें सात मजले उभे राहिले, आणि आमची वही अजून उघडीच होती. पण सावधपणा आमच्या घराण्यांत पिढीजात आहे. आमच्या वडिलांनीं भिंतीवरचें घड्याळ घेतलें तें चार दुकानें हिंडून पांचव्या दुकानांतून. आणि घरीं आणल्यावरही पुढचे पंधरा दिवस तें शेजाऱ्यांच्या घड्याळाशीं ताडून पाहण्यांत घालविले. शेजाऱ्यांचें घड्याळ मागें पडतें असा शोध त्यांतून लागला, व दोन्ही घरांत थोडी कटुता आली. असो.

बाजारांत वस्तु पारखून घेण्याची जी विद्या वाडवडिलांनीं आम्हांला दिली, तिचा या बाबतींत कांहींएक उपयोग नव्हता. वांगें हातांत घेऊन दाबून पाहतां येतें. आंबा देठाशीं हुंगतां येतो. लुगड्याचें सूत दोन बोटांत चोळून पाहिलें म्हणजे त्याची जात कळते. सोनें तर सोनार आपणहूनच कसाला लावून दाखवितो. प्रोसेसर म्हणजे चार सेंटिमीटर लांबीरुंदीचा एक चौकोनी तुकडा. वर धातूचें झांकण, खालीं सोनेरी ठिपक्यांच्या ओळी. त्याला वास नाहीं, आवाज नाहीं, आणि एक चांगला व एक सामान्य असे दोन तुकडे शेजारीं शेजारीं ठेवले तर ब्रह्मदेवालाही त्यांतला फरक सांगतां यावयाचा नाहीं. म्हणजे येथें गिऱ्हाइकानें डोळे, नाक आणि बोटें घरीं ठेवून केवळ दुसऱ्याच्या शब्दांवर आणि आंकड्यांवर विसंबावयाचें.

आमचा जुना संगणक २०१४ सालचा. त्यांतला प्रोसेसर इंटेलचा आय-५ ४४६०. त्याला चार कोर. म्हणजे एकाच कचेरींत बसून काम करणारे चार कारकून म्हणा ना. आमचें स्वतःचें काम मजकूर टंकण्याचें, पत्रव्यवहाराचें, आणि रविवारीं सकाळीं एखादें जुनें नाट्यगीत ऐकण्याचें. तेवढ्यासाठीं हे चौघे कारकून दिवसभर जांभया देत बसत. २०२१ सालीं आमची कन्या वास्तुकलेच्या महाविद्यालयांत गेली, आणि दुसऱ्या वर्षापासून त्या चौघांचें सुख संपलें.

हें काम काय असतें तें थोडें सांगितलें पाहिजे. विद्यार्थी प्रथम इमारतीचा सांगाडा संगणकावर रेषांनीं उभा करतो. मग भिंतीला रंग, फरशीला पोत, खिडकीला कांच द्यावयाची, आणि सूर्य कोठें आहे तें सांगावयाचें. त्यानंतर यंत्र एकेका किरणाचा माग काढीत बसतें: हा किरण खिडकींतून आला, फरशीवर आपटला, तेथून थोडा तांबूस होऊन भिंतीवर गेला, भिंतीवरून छताला लागला. असे कोट्यवधि किरण हिशेबांत घेतल्यावर जें चित्र तयार होतें तें जवळजवळ छायाचित्रासारखें दिसतें. या क्रियेला हीं मुलें 'रेंडर लावणें' असें म्हणतात, जशा आमच्या आजी विरजण लावीत. आणि दोन्ही गोष्टी रात्रीं लावून सकाळीं पाहावयाच्या असतात.

आमच्या यंत्रावर एका चित्राला सात तास लागत. रात्रीं अकराला लावलेलें चित्र सकाळीं सहाला हातीं येई. तेंही मध्यें वीज गेली नाहीं आणि यंत्र तापून अडून बसलें नाहीं तर. पंख्याचा आवाज दूरच्या पिठाच्या गिरणीसारखा घरभर चाले. दोनच्या सुमारास कन्या उठून पाहून येई. सकाळीं चित्र पुरें झाल्यावर असें कळे, कीं जिन्याचा एक कठडा भिंतीला न टेकतां हवेंत तरंगतो आहे. मग तो दुरुस्त करून पुन्हां रात्रीची वाट पाहावयाची.

२०२२ च्या दिवाळींत तिनें विचारलें, "बाबा, नवा घ्यायचा का आपण?" आम्ही म्हणालों, "घेऊं कीं. जरा अभ्यास करतों." तिनें मान डोलावली आणि पुन्हां तो विषय काढला नाहीं. त्या 'जरा'चीं दोन वर्षें झालीं.

अभ्यास मात्र आम्हीं खरोखरच केला. त्यासाठीं शंभर पानी वही घातली. पहिला धडा मिळाला तो असा, कीं या व्यापारांत आंकडे खोटें बोलत नाहींत आणि तरीही फसवितात. प्रोसेसरला एक नाडी असते. ती सेकंदाला किती ठोके टाकते तें गिगाहर्ट्झमध्यें मोजतात. एके काळीं सारी विक्री या एका आंकड्यावर चाले. पेन्टियम ४ च्या दिवसांत इंटेलनें हा आंकडा चढवीत चढवीत चार गिगाहर्ट्झपर्यंत नेण्याचें जाहीर केलें, आणि २००४ सालीं तो बेत सोडून दिला; कारण ठोके वाढवावे तसतशी उष्णता आवरेना. त्याआधीं २००१ सालीं एएमडी कंपनीनें आपल्या एका प्रोसेसरला ॲथलॉन एक्सपी १८००+ असें नांव दिलें होतें, आणि त्याचे खरे ठोके होते १५३३ मेगाहर्ट्झ! प्रथमदर्शनीं ही सरळ लबाडी वाटते. पण त्या प्रोसेसरचें प्रत्येक ठोक्याला होणारें काम प्रतिस्पर्ध्याच्या प्रोसेसरहून अधिक होतें. तेव्हां नांवांतला आंकडा कामाच्या दृष्टीनें अगदींच पोकळ नव्हता. लहान मूल बापाचें बोट धरून चालतें तेव्हां पावलें तेंच अधिक टाकतें. म्हणून तें बापाच्या पुढें जातें असें नाहीं.

दुसरा धडा चाचण्यांचा. नवा प्रोसेसर आला कीं त्याची कसोटी घेणारे लोक पुढें सरसावतात, आणि ते बहुधा मोठे कष्टाळू व सचोटीचे असतात. पण त्यांची मुख्य कसोटी खेळांची. बाजारांतलें सर्वांत महागडें ग्राफिक्स कार्ड लावावयाचें, चित्राचा आकार मुद्दाम लहान ठेवावयाचा, म्हणजे जी कांहीं अडचण होईल ती प्रोसेसरचीच होईल. शास्त्रीय दृष्टीनें ही रीत बिनचूक आहे. मात्र ज्याच्या घरीं तें महागडें कार्डही नाहीं आणि खेळ खेळणाराही कोणी नाहीं, त्यानें हे तक्ते पाहून निर्णय घेणें म्हणजे महालक्ष्मीच्या शर्यती पाहून टांग्याचा घोडा पसंत करण्यासारखें आहे. आम्हीं असे तक्ते वहींत उतरविण्यांत एक अख्खा पावसाळा घालविला.

तिसरा धडा भागाकाराचा, आणि तो आम्हांला आमच्या भाच्यानें शिकविला. हा भाचा अभियंता आहे, आणि वडील माणसांना शिकविण्याची हौस त्याला लहानपणापासूनच दांडगी. आम्हीं त्याला मोठ्या अभिमानानें आमचा तक्ता दाखविला: प्रत्येक प्रोसेसरच्या कामाला त्याच्या किंमतीनें भागून 'रुपयाला काम किती' तें काढलेलें. तो म्हणाला, "मामा, भागाकार बरोबर आहे, पण भाजक चुकला." मग त्यानें कागदावर मांडून दाखविलें. समजा, एक प्रोसेसर दहा हजारांचा आणि त्याचें काम शंभर. दुसरा वीस हजारांचा आणि त्याचें काम दीडशें. पहिला हजार रुपयांस दहा काम देतो, दुसरा साडेसातच. पहिलाच स्वस्त, यांत शंका नाहीं. पण प्रोसेसर कांहीं नुसता देव्हाऱ्यांत ठेवावयाचा नसतो. त्याला मदरबोर्ड लागतो, मेमरी लागते, डिस्क, वीज पुरविणारा डबा, पेटी. हें सगळें मिळून समजा चाळीस हजार. आतां पन्नास हजारांत शंभर काम, म्हणजे हजारास दोन. आणि साठ हजारांत दीडशें, म्हणजे हजारास अडीच. महाग होता तो एका ओळींत स्वस्त झाला! आम्ही त्या कागदाकडे बराच वेळ पाहत राहिलों. आयुष्यांत असे किती भागाकार आपण चुकीच्या भाजकानें करून बसलों असूं, या विचारानें त्या रात्रीं आम्हांला नीट झोंप लागली नाहीं.

वहींत इंटेलचींही पानें होतीं. पण २०२४ सालीं त्या कंपनीच्या तेराव्या व चौदाव्या पिढींतील कांहीं प्रोसेसर विजेच्या वाढत्या दाबामुळें बिघडतात असें उघडकीस आलें. कंपनीनें दुरुस्ती दिली, हमीची मुदत दोन वर्षांनीं वाढविली, आणि आम्ही घेणार होतों तो प्रकार त्या दोषांत सांपडणारा होता असेंही नाहीं. तरी पण दूध दुसऱ्याचें पोळलें असतांही ताक फुंकून पिणाऱ्यांपैकीं आम्ही. तीं पानें आम्हीं दुमडून ठेवलीं.

त्याच वर्षीं ऑगस्टमध्यें एएमडीचा नवा प्रोसेसर आला: रायझन ५ ९६००एक्स. सहा कोर, प्रत्येक कोर एका वेळीं दोन कामांचे धागे सांभाळणारा, ठोके ५.४ गिगाहर्ट्झपर्यंत, वीज बेताची, आणि अमेरिकेंतील पहिली किंमत २७९ डॉलर. कंपनीचें म्हणणें असें होतें, कीं मागच्या पिढीच्या मानानें प्रत्येक ठोक्याला सरासरी शेंकडा १६ काम अधिक होतें. मागच्या पिढींतला त्याचा धाकटा चुलतभाऊ रायझन ५ ७६००. तोही सहा कोरांचाच; ठोके ५.१ पर्यंत, २०२३ च्या जानेवारींत २२९ डॉलरांस आलेला, आणि आतां त्याहून पुष्कळ खालीं उतरलेला. शिवाय जुन्याच्या पेटींत त्याला गार ठेवणारा पंखा मिळत असे. नव्याच्या पेटींत तो नाहीं, तो वेगळा विकत घ्यावयाचा. हें म्हणजे महागाचा हापूस घ्यावा आणि पेटीचे पैसे निराळे द्यावे, तसें झालें. कसोटी घेणाऱ्यांपैकीं बहुतेकांनीं एकच सांगितलें: वस्तु उत्तम आहे, पण खेळांत फरक थोडा, आणि या फरकासाठीं एवढी किंमत आज तरी अधिक आहे.

आमचें मतही शेवटीं तेंच झालें. पण त्याचें कारण निराळें होतें, आणि तें सांगण्यासाठीं थोडें स्वयंपाकघरांत जावें लागेल.

भाच्याचा आग्रह होता कीं नवा नको आणि मधलाही नको. त्याहून जुना रायझन ७ ५७००एक्स घ्या. तो २०२२ सालचा, पण त्याला कोर आठ, आणि त्याचा बोर्ड व मेमरी जुन्या पद्धतीचीं असल्यामुळें सगळा संसार स्वस्तांत उभा राहतो. सहांपेक्षां आठ केव्हांही बरे, हें म्हणणें कोणालाही पटेल. आमच्या सौभाग्यवतींना मात्र पटेना. त्या म्हणाल्या, "आठ जणी लाटायला बसवल्या तरी तवा एकच असला तर पोळ्या तव्याच्याच वेगानें होणार." बिचारीला ठाऊक नव्हतें, कीं जीन ॲम्डाल या संगणकतज्ज्ञानें १९६७ सालीं नेमकी हीच गोष्ट मांडली, आणि तिला आज त्याचें नांव दिलें जातें. एखादें काम साठ मिनिटांचें आहे, आणि त्यांतलीं पंधरा मिनिटें अशीं आहेत कीं तेवढें काम एकानेंच करावयाचें, वांटून घेतां येत नाहीं. उरलेलीं पंचेचाळीस मिनिटें सहांनीं वांटून घेतलीं तर सारें काम साडेबावीस मिनिटांत होतें. आठांनीं वांटलीं तर सुमारें साडेवीस. दोन माणसें वाढलीं आणि मिनिटें वांचलीं दोन! कोर सोळा केले तरी तीं पंधरा मिनिटें तशींच तव्यावर बसून राहतात.

कन्येच्या कामाचे दोन भाग होते. दिवसा ती रेषा ओढते, भिंती सरकविते, जिने फिरविते. हें काम जवळजवळ सगळें एकाच कोरवर चालतें, आणि तेथें हवा तो एकटा चपळ कारागीर. रात्रीं रेंडर लागतें. त्याचे तुकडे मात्र हवे तितके पाडतां येतात, तेथें सहांपेक्षां आठ मजूर खरोखरच बरे. जुना आठ कोरांचा प्रोसेसर दिवसा मंद. मधला सहा कोरांचा दिवसा चपळ; आणि त्याचे सहा कोर इतके पुढचे, कीं रात्रींही ते मिळून जुन्या आठांच्या जवळपास पोंचत. सगळ्यांत नवा घेतला तर दिवसा आणखी थोडा वेग. पण माणूस भिंत कोठें सरकवावी याचा विचार करीत हनुवटीला हात लावून बसतो, तेव्हां शेंकडा दहा-पंधरांचा तो वेग कोठें जमा होतो? तो फुकट जातो. नवा वाईट नव्हता. आमच्या घरांत त्याच्या जास्त वेगाला काम नव्हतें.

याखेरीज सॉकेटचा, म्हणजे प्रोसेसर ज्या खाचेंत बसतो तिचा, प्रश्न. जुन्या जातीच्या सॉकेटनें आपली सेवा चोख बजावली होती. २०१७ सालच्या कित्येक बोर्डांवर २०२२ सालीं आलेला प्रोसेसर बसूं शकला. पण त्याचे दिवस भरत आले होते. नव्या सॉकेटचें पालन २०२७ पर्यंत व पुढेंही करूं, असें कंपनीनें २०२४ च्या जून महिन्यांत सांगितलें होतें. कंपनीच्या शब्दावर किती विसंबावें हा ज्याचा त्याचा प्रश्न. पण या बाबतींत मागचा अनुभव बरा होता.

म्हणजे पाहा, उत्तर हातीं आलें होतें. तरीही आम्हीं खरेदी केली नाहीं. कारण आतां एका नव्या विचारानें आम्हांला घेरलें. एवढे दिवस थांबलों तसे आणखी सहा महिने थांबलों तर? गॉर्डन मूर यांनीं १९६५ सालीं लिहून ठेवलें, कीं एका तुकड्यावर बसणाऱ्या घटकांची संख्या दर वर्षीं दुप्पट होत जाईल; पुढें १९७५ सालीं त्यांनीं स्वतःच ती मुदत दोन वर्षांवर नेली. ज्या बाजारांत थांबणाऱ्याला नेहमीं अधिक मिळतें, तेथें आज घेणारा मूर्खच नव्हे काय? आणि थांबणाऱ्यांचा खरोखरच फायदा झाल्याचें एक उदाहरण आमच्या वहींत ठळक अक्षरांत होतें. २०१६ सालीं इंटेलचा आठ कोरांचा प्रोसेसर हजार डॉलरांहून अधिक किंमतीचा होता. २०१७ च्या मार्चमध्यें एएमडीनें आपला आठ कोरांचा प्रोसेसर ४९९ डॉलरांस बाजारांत आणला. जो वर्षभर थांबला त्याचे निम्मे पैसे वांचले. असा दाखला एकदां हातीं लागला म्हणजे आमच्यासारख्या माणसाला आणखी दहा वर्षें कांहींएक न घेतां सुखानें काढतां येतात. भाच्यानें एक वेगळा धाकही घालून पाहिला: १४ ऑक्टोबर २०२५ नंतर विंडोज १० ला सुरक्षिततेची नेहमींची दुरुस्ती मिळणार नाहीं, आणि विंडोज ११ या जुन्या प्रोसेसरला आपल्या पंक्तीला बसवीत नाहीं. आम्ही म्हणालों, "मग अजून वर्ष आहे कीं."

२०२४ च्या नवरात्रांत सौभाग्यवती कोणाकडे भोंडल्याला गेल्या होत्या. परत आल्या त्या खिरापतीची वाटी टेबलावर ठेवून गप्प बसल्या. बऱ्याच वेळानें म्हणाल्या, "तिच्या मैत्रिणीची आई भेटली. म्हणाली, तुमची मुलगी फार गुणी हो. आमच्या मुलीच्या मशीनवर रात्रीं काम लावते, आणि आम्हांला त्रास नको म्हणून बाहेरच्या खोलींत खुर्चीवर बसून असते."

कन्या आठवड्यांतून एखादी रात्र मैत्रिणीकडे 'अभ्यासाला' जाते, एवढेंच आम्हांला ठाऊक होतें. मैत्रिणीच्या आईच्या बोलण्यांत टोमणा मुळींच नव्हता. तो असता तर आम्हांला बरें वाटलें असतें.

त्या रात्रीं आम्हीं वही उघडली आणि एक नवा भागाकार मांडला. पंधरवड्याला सरासरी तीन रात्री. वर्षाचे कामाचे महिने आठ. म्हणजे वर्षाला अठ्ठेचाळीस, आणि दोन वर्षांच्या शहाण्णव. त्यांतल्या कांहीं रात्री तिच्या स्वतःच्या चालढकलीच्याही असतील. मुलगी आमचीच आहे. पण सूट कशाला द्या? मग आम्ही थांबलों त्या दोन वर्षांत प्रोसेसर, बोर्ड वगैरे मिळून किंमत किती उतरली तें काढलें. ओढूनताणून ती आठ हजारांच्या वर जाईना. आठ हजार भागिले शहाण्णव: रात्रीस त्र्याऐंशीं रुपये आणि कांहीं पैसे. आमच्या घरापासून स्टेशनापर्यंत रिक्षानें जाऊन येण्यास साधारण तेवढेच पडतात. सत्तावीस पानें भरलेल्या त्या वहींत किंमत होती, कोर होते, ठोके होते, विजेचा खर्चही होता, आणि हा भागाकार कोठेंच नव्हता.

दसरा त्या वर्षीं १२ ऑक्टोबरला, शनिवारीं आला. मुहूर्ताचें निमित्त बरें सांपडलें. डोंबिवलीहून दादर, दादरला गाडी बदलून ग्रँट रोड, आणि तेथून चालत आम्ही बापलेक लॅमिंग्टन रोडला गेलों. या रस्त्याचें नांव डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग असें आहे. पण संगणकाचे सुटे भाग घेणारा मनुष्य तें नांव उच्चारीत नाहीं. आपट्याचीं पानें आणि झेंडूचे हार घातलेलीं ओळीनें दुकानें. प्रत्येक दुकानांत छतापर्यंत पेट्यांची चळत, आणि काउंटरमागें बसलेला मनुष्य एकाच वेळीं तीन गिऱ्हाइकांना तीन भाव सांगणारा.

दुकानदारानें आमच्या तोंडाकडे पाहूनच नवा ९६००एक्स पुढें केला. "काका, हा घ्या. दोन महिन्यांपूर्वीं आलाय. पुढें बघायला नको." आम्ही खिशांतून वही काढून ॲम्डालच्या सिद्धांतापासून प्रारंभ करणार, इतक्यांत कन्या म्हणाली, "७६०० द्या. पण मेमरी ३२ जीबी लावा. जे पैसे वाचतील ते तिकडे घाला."

आम्हीं तिच्याकडे पाहिलें. ती जरा संकोचून म्हणाली, "बाबा, प्रोसेसर कुठलाही चालला असता हो. आपल्याकडे मेमरी आठचीच आहे ना, ती भरली कीं सगळंच अडतं. तेव्हांच ते मध्यरात्रीं बंद पडायचं."

"मग तूं सांगितलें कां नाहींस?"

"तुमचा अभ्यास चालला होता ना."

दोन वर्षांत आम्हीं परदेशांतील परीक्षकांचीं मतें वाचलीं, भाच्याचीं व्याख्यानें ऐकलीं, दुकानदारांचे भाव उतरवून घेतले. आणि ज्या माणसाला तें यंत्र वापरावयाचें होतें त्याला एकदांही विचारलें नाहीं, कीं बाई गं, तुझें काम अडतें कोठें? वही आम्हीं खिशांत परत ठेवली. नव्याच्या आणि मधल्याच्या किंमतींत, पंखा धरून, जो फरक होता तो बहुतेक मेमरींत गेला. भाव करण्याचें तेवढें आम्हीं सोडलें नाहीं; शेवटीं दुकानदारानें एक माउस वर दिला.

पुढें ९६००एक्सची किंमतही उतरली. तेव्हां आज कोणी विचारील तर दोहोंतला फरक किती उरला आहे तें पाहून आम्ही कदाचित् निराळें उत्तर देऊं. पण २०२५ च्या अखेरीस एक विलक्षण गोष्ट घडली. कृत्रिम बुद्धीच्या प्रचंड यंत्रशाळांसाठीं मेमरीला इतकी मागणी आली, कीं घरगुती संगणकाच्या मेमरीचे भाव कांहीं महिन्यांत दुपटीच्याही वर गेले. आम्ही घेतली तेवढीच मेमरी घ्यावयाची तर आतां छाती दडपावी, असे आंकडे दिसूं लागले. आणखी सहा महिने थांबा म्हणून इतरांना सांगणारे आमचे एक स्नेही त्या गर्तेंत अडकले. भाचा घरीं आला तो आमचा हात हातांत घेऊन म्हणाला, "मामा, मानलं तुम्हांला. काय वेळ साधलीत!" आम्हीं मंद स्मित केलें आणि विषय बदलला. सौभाग्यवती आंतून भांडीं जरा मोठ्यानें वाजवीत होत्या.

त्या पहिल्या रात्रीचें सांगावयाचें राहिलें. यंत्र जुळवून होईपर्यंत रविवार उजाडला आणि मावळला. जेवणाआधीं कन्येनें पूर्वींचेंच एक चित्र रेंडरला लावलें आणि संवयीप्रमाणें पहांटेचा गजर लावून ठेवला. जेवणें झालीं, ताटें उचललीं, थोड्या गप्पा झाल्या. ती सहज आंत डोकावली तों चित्र तयार होतें. दीड तास झाला होता. ती खुर्चीवर बसून त्याच्याकडे नुसती पाहत राहिली. रात्रीचे साडेनऊ, हातीं पुरें झालेलें चित्र, आणि समोर सारी रात्र रिकामी. अशा वेळीं काय करावयाचें असतें हें बहुधा तिला आठवत नसावें.

आम्ही समाधानानें निजलों. एकच्या सुमारास जाग आली. पंख्याचा तो गिरणीसारखा आवाज नव्हता, पण तिच्या खोलींतला दिवा जळत होता. आम्ही उठून दाराशीं गेलों.

"अगं, झालें ना चित्र? आतां तरी झोंप."

"पांच मिनिटं, बाबा. ही खिडकी पश्चिमेला घेऊन पाहते. आधीं कधीं बघतांच आलं नव्हतं."

पडद्यावर एक रिकामी खोली होती. तिच्या एका कोपऱ्यापासून चित्र चौकोनाचौकोनानें उमटत होतें, आणि फरशीवर संध्याकाळचें ऊन हळूहळू येत होतें. आम्ही दुसरी खुर्ची ओढून घेतली.